गिळलेला खोकला

राग आलाय की नाही, हे माणसानं मोबाइलला विचारायचं?

शेवंताक्का घुगरेंची आपल्या नातीबद्दल एवढीच तक्रार होती, पण ती त्या दूधवाल्यापासून मठातल्या स्वामींपर्यंत सगळ्यांना ऐकवून बसल्या होत्या. पोरगी एकवीस वर्षांची. पुण्यात वसतिगृहात राहून शिकलेली, अंगानं धडधाकट, डोक्यानं चलाख. आणि सुट्टीला घरी आली की माजघरात बसून फोनमध्ये कुणाकुणाची बोलणी ऐकायची. कुणी सरकारवर तुटून पडलेलं असायचं, कुणी सरकारवर तुटून पडणाऱ्यांवर. शांभवीच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. ऐकून झालं की ती बोलणाऱ्याकडं बघायचीच नाही, फोनच्या कोपऱ्यातल्या बारक्या ठिपक्याकडं बघायची. ठिपका लाल दिसला की म्हणायची, "हे मला पटलेलं नाहीये, अक्का."

"कोण म्हणतंय?"

"मीच."

"तू कुठं म्हणालीस? तू बघून सांगायलीस. आता जेवण झालं की पोट भरलं का ते पण ह्यालाच विचारणार काय?"

"त्याचं पण ॲप आहे," शांभवी म्हणाली. अक्कांनी कपाळावर हात मारून घेतला.

अक्कांची शाळा तिसरीत सुटलेली. दुकानावरची पाटी आणि काट्यावरचे आकडे एवढं त्यांना वाचता येई. बाकीचं लोक वाचून दाखवायचे, आणि वाचणारा कुठं अडखळला त्यावरून न लिहिलेलंही त्या ओळखायच्या. नवरा गेला तेव्हा घरच्या मिरची कांडायच्या डंकाला दोन उखळं होती. आता आठ होती. कृष्णेकाठच्या त्या गावात डंक गल्लीत शिरलं की पहिला घुगऱ्यांचाच डंक लागे, आणि उन्हाळ्यात अर्धा तालुका वर्षाची चटणी तिथंच कांडून नेई. बायका भाजलेल्या खोबऱ्याचे, तळलेल्या मसाल्याचे डबे घेऊन यायच्या आणि आपापल्या उखळापुढं बूड टेकून बसायच्या. उठायची सोय नव्हती. उठलं की आपली ब्याडगी मिरची शेजारणीच्या लवंगीत गेलीच म्हणून समजायचं. लोखंडी मुसळं धाडधाड खाली यायची, मिरचीचा खकाणा छपरापर्यंत भरायचा, आणि त्या खकाण्यात तोंडाला पदर लावून बायका अख्ख्या गावाची बित्तंबातमी कांडून काढायच्या.

ह्या डंकाचा एक नियम होता. गिऱ्हाईक खोकलं तर खोकू दे, शिंकलं तर शिंकू दे. घरच्या माणसानं मात्र दुसऱ्याच्या चटणीवर खोकायचं नाही. वर्षभराचं अन्न असतं ते. खोकला आला तर गिळायचा. शांभवी चालायला लागली तेव्हापासून गिळायला शिकली होती. खकाण्यात बसून तिचा गळा नुसता इवलासा हलायचा, बस. गिऱ्हाइकं कौतुक करायची, "अक्का, नात तुमचीच हो! एवढ्या ठसक्यात बसलीय, पण तोंडातनं हूं न्हाई, का चूं न्हाई."

अक्कांना त्या कौतुकाचा मोठा अभिमान होता.

*

फोनमधला तो ठिपका जिथून यायचा ती चीज शांभवीच्या गळ्यावर होती. हरभऱ्याच्या डाळीएवढी, कातडीच्या रंगाची चकती. लांबून दिसायचीही नाही.

माणूस मनातल्या मनात बोलतो तेव्हा त्याचा गळा पुरता गप्प नसतो. मेंदू गळ्याच्या स्नायूंना बोलण्याचा निरोप धाडतोच. तो इतका क्षीण असतो की आवाज फुटत नाही, पण कातडीवर विजेची एक सूक्ष्म लहर उमटते. ती पकडणारी चकती आधी बनली ती कर्करोगात स्वरयंत्र गेलेल्या लोकांसाठी. त्यांनी मनात बोलायचं आणि फोननं ते मोठ्यानं म्हणायचं. पुण्याचं काम होतं ते. कित्येक घरांत मुकी झालेली माणसं पुन्हा बोलली.

मग एका कंपनीच्या ध्यानात आलं की मुकी माणसं दवाखान्यात आहेत त्याहून किती तरी जास्त फोनवर आहेत. राजकारणावरचे, समाजावरचे व्हिडिओ बघतात लाखो तरुण. त्यावर बोटभर तरी मत लिहितात मूठभर. बाकीचे बघतात, गिळतात आणि पुढं सरकतात. कुणी भांडणाला भितं, कुणी नोकरीला, कुणी घरच्यांना. ह्या गप्प बसणाऱ्यांच्या मनात काय आहे ते कळायला पक्ष, दुकानदार, सरकार, सगळेच टपलेले. कंपनीनं चकतीला दोनच शब्द शिकवले. मनातल्या मनात "हं" म्हणताना माणसाचा गळा किंचित वर जाऊन लगेच खाली येतो, आणि "छे" म्हणताना आवळून तसाच राहतो. पहिल्या महिन्यात चकती ज्याची त्याची सवय शिकून घेई. त्यानंतर तुम्ही काहीही बघितलं-ऐकलं की तुमच्या नावापुढं ठिपका उमटे, हिरवा नाहीतर लाल, साऱ्या जगाला दिसेल असा. ह्या सोयीचं नाव ठेवलं होतं 'कौल'.

नाव ऐकून अक्का पहिल्यांदा हसल्या होत्या. "देवाला कौल लावताना मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या, मग गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर व्हय, डावी पडली तर न्हाई. पण तितं आधी माणूस विचारतंय, मग देव सांगतोय. विचारल्याबगर देवसुद्धा तोंड उघडत न्हाई. तुमच्यात कोण विचारतंय?"

"कुणी विचारत नाही अक्का. आपोआप निघतं."

"मग काढून टाक की ती चकती."

"काढली की ठिपका राखाडी होतो."

"होऊ दे राखाडी."

शांभवीनं आजीकडं बघितलं, जसं लहान मुलाला समजवायला सुरुवात करावी आणि मग कंटाळा यावा. "राखाडी म्हणजे लपवणारी. वसतिगृहातल्या ग्रुपमध्ये राखाडी कुणी ठेवत नाही. नोकरीच्या अर्जात पण विचारतात, कौल उघडा आहे का. म्हणून आम्ही काय करतो, व्हिडिओ बघायच्या आधी खालचे ठिपके बघतो. आपल्यातल्यांचे हिरवे असतील तर मनाची तयारी करून बघायचं. नाहीतर बघायचंच नाही. काही मुलं चकतीला चकवायला च्युइंगम चघळत बघायची. कंपनीनं ते पण ओळखायला सुरुवात केली."

"आणि बोलणारा खरं बोलतोय का खोटं, ते कधी बघता?"

"सगळेच विकले गेलेले असतात अक्का. ते गृहीतच असतं."

"मग कशाला बघता?"

शांभवीनं जरा विचार केला. "नाही बघितलं तर बाकीचे कशावर चिडलेत ते कळत नाही."

*

घाव पडला तो चटणीच्या भर हंगामात.

गावातली कस्तुरी आवटी नावाची पोरगी 'तोंडावर' नावाचं चॅनेल चालवायची. कॉलेजात शांभवीच्या चार वर्षं पुढं. बोलायला लागली की मिरचीनं लाजावं. तिनं डंक गल्लीवर व्हिडिओ केला. गल्लीच्या मागं शाळा आहे, उन्हाळ्याच्या वर्गात पोरं नाकाला रुमाल बांधून बसतात, डंक गावाबाहेर माळावर हलवा, असं म्हणणं. नगरपालिकेत तसा ठराव आलेलाच होता, आणि पालिकेनं नव्या चालीप्रमाणं ठरवलं होतं की सभा, हरकती ह्यांत वेळ घालवायचा नाही, गावातल्या उघड्या कौलांचे ठिपके मोजायचे आणि जनमत म्हणून तेच धरायचं.

शांभवीनं तो व्हिडिओ डंकाच्या दारातल्या स्टुलावर बसून बघितला. ठिपका हिरवा उमटला.

दुपारपर्यंत कस्तुरीचा दुसरा व्हिडिओ आला: 'डंकवाल्या घुगऱ्यांच्या घरातूनच होकार!' खाली शांभवीचा फोटो आणि नावापुढं तो हिरवा ठिपका.

अक्कांना कळलं ते डंकावरच्या शांततेवरून. मुसळं चालू होती, पण बायका बोलत नव्हत्या. मग त्यांचा मुलगा महांतेश आला. शेजारच्या डंकवाल्यांनी त्याला चौकात गाठलं होतं. त्यानं बटण दाबून आठही उखळं बंद केली, जे गिऱ्हाईक असताना त्या डंकात कधी झालं नव्हतं.

"विचार तुझ्या नातीला," तो म्हणाला. "बापाच्या अन्नात माती कालवायला पुण्याला पाठवली होती काय?"

"पप्पा, मी काही म्हणाले नाही!" शांभवी स्टुलावरून उठली.

"गळ्यातनं आलंय तुझ्या!"

"पण मी नाही म्हणाले!"

"आधी बटण चालू कर," अक्का मुलाला म्हणाल्या. "गिऱ्हाईक बसलंय. घरातलं भांडण घरात."

घरात भांडण झालंच नाही, हीच अडचण झाली. शांभवीनं खोलीचं दार लावून घेतलं आणि फोनसमोर बसून जगाला सांगितलं की माझं तसं मत नाही. खाली शेकड्यांनी उत्तरं आली. गळा एक सांगतो, तोंड एक. घरच्यांनी बोलायला लावलं. बिचारी. भित्री. ज्यांना ती ओळखतही नव्हती त्यांनी तिला 'सत्याचा आवाज' ठरवलं होतं, आणि ती नाही म्हणेल तितका तो आवाज खरा ठरत होता. गल्लीतल्या बायकांनी बोलणं सोडलं. पुण्याच्या मैत्रिणींनी हृदयं पाठवली आणि लिहिलं, डगमगू नकोस. चकती काढावी तर म्हणणार दबावाखाली काढली. ठेवावी तर डोळ्यांसमोर येईल त्याला गळा परस्पर उत्तर देणार. ती भिंतीकडं तोंड करून बसायला लागली. भिंतीबद्दल मत नसतं.

"अक्का," ती एकदा म्हणाली, "मी माझ्याच गळ्यात अडकलेय."

अक्कांनी तिच्या पुढ्यात ताट सरकवलं. "जेव आधी. उपाशी माणसाला गळाच जास्त आठवतोय."

*

अक्कांना कोडं एकाच गोष्टीचं होतं. चकती खोटं सांगत असेल तर ती पुण्यात कशी खरी ठरली? आणि खरं सांगत असेल तर पोरगी एवढी गोंधळलेली का?

त्यांनी तिला पुन्हा डंकाच्या स्टुलावर बसवलं. "सुट्टीला आल्यापासनं हितं बसून तू काय काय बघितलंस, ते दाखव मला."

"सगळं?"

"सगळं. वाचता येत न्हाई मला, रंग कळतात."

शांभवी बोट फिरवत गेली. अक्का बघत राहिल्या. पाण्याच्या योजनेची बाजू घेणारा, हिरवा. त्याच योजनेला शिव्या घालणारा, हिरवा. एका पक्षाचा, हिरवा. दुसऱ्याचा, हिरवा.

"आणि हे काय?"

"जाहिरात आहे." शांभवीचा आवाज बदलला. "पुरुषांच्या दाढीच्या साबणाची."

"त्याला पण व्हय म्हणालीस?"

शांभवी ठिपक्याकडं बघत राहिली, आणि तेवढ्यात शेजारच्या उखळात कुणाची तरी लवंगी पडली. खकाण्याचा लोट दाराकडं आला. शांभवीचा गळा इवलासा वर गेला, खाली आला. तोंडातनं हूं नाही, का चूं नाही. ठिपका हिरवा झाला.

अक्का इतक्या मोठ्यानं हसल्या की उखळापुढच्या बायका वळून बघायला लागल्या.

चकतीला साधं गिळणं ओळखता येत होतं. पाणी पिताना, थुंकी गिळताना गळा लांब आणि सावकाश हलतो, ते ती सोडून द्यायची. पण लहानपणापासून कमावलेला, अर्ध्या वाटेवर दाबून मुकाट गिळलेला खोकला तिनं कुठं बघितलेला असणार? तो नेमका मनातल्या "हं"एवढा आखूड आणि नेटका होता. पहिल्या महिन्यात चकतीनं शांभवीला ओळखून घेतलं ते पुण्यात, आणि तिथं कोण मिरची कांडत होतं?

*

कस्तुरी आवटीला अक्कांनी स्वतः निरोप धाडला. ये, चहा घे, तुझा कॅमेरा पण आण.

ती आली ती ताठ मानेनं. "आजी, मला घाबरवायला बोलावलं असेल तर आधीच सांगते, हे सगळं थेट जातंय."

"घाबरवायला तुला कशाला बोलावू? घाबरवायचा धंदा तुझा. माझा चटणीचा. बैस."

शांभवी स्टुलावर बसली, गळ्यावर चकती, हातात फोन कॅमेऱ्याकडं वळवलेला. अक्कांनी पसाभर लवंगी पहिल्या उखळात टाकली आणि मुसळ सोडलं. खकाणा उठला तसं कस्तुरीनं तोंडाला ओढणी लावली.

"शांभे, ऐक," अक्का म्हणाल्या. "डंक गावाबाहेर हलवावा."

शांभवीचा गळा हलला. हिरवा.

"बघा!" कस्तुरी म्हणाली.

"दम धर की. शांभे, डंक जन्मात हलवू नये."

हिरवा.

"कस्तुरी आवटी पुढच्या वर्षी आमदार होणार."

हिरवा. बायकांत खसखस पिकली.

"घोड्याला दोन शिंगं असतात. माझा सासरा अजून जिता आहे. आणि ही कस्तुरी लगीन करून आमच्याच घरात येणार, महांतेशची सवत होऊन... न्हाई, त्याच्या बायकोची."

हिरवा, हिरवा, हिरवा. महांतेशची बायको आतून ओरडली, "अक्का, मला कशाला मधे घेता?" आणि डंकात असा हशा उठला की कस्तुरीलाही ओढणीआड हसू आलं. हसता हसता तिला ठसका लागला. ती खोकत खोकत बाहेर पळाली. पळताना गळ्यावरची चकती निसटली आणि तिचा स्वतःचा ठिपका राखाडी झाला.

रस्त्यावर उभं राहून, डोळे पुसत, ती कॅमेऱ्याला म्हणाली, "माझी चूक झाली. हा कौल शांभवीचा नव्हता." एवढं मात्र अक्कांनी मनात तिच्या बाजूला लिहून ठेवलं. पोरगी तिखट आहे, पण भेसळ नाही.

व्हिडिओ राज्यभर फिरला. ज्याला त्याला शंका यायला लागली की आपण कधी काय गिळलं होतं. कंपनीनं 'सुधारणा चालू आहे' म्हणून सांगितलं. नगरपालिकेनं ठिपके मोजायचं रद्द केलं आणि जुन्या चालीची सभा लावली. बुधवारी, टाउन हॉलात, ज्याला बोलायचं त्यानं येऊन तोंडानं बोलायचं. डंक गल्लीत जिलेबी वाटली गेली. महांतेशनं लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, पण बोलायला काही सुचेना म्हणून पुन्हा फिरवला.

शांभवीनं जिलेबीचा एक वेढा मोडला आणि तो हातातच धरून बसली. अक्कांच्या नजरेतून ते सुटलं नाही.

*

सोमवारी डंक बंद असायचा. मुसळं गप्प, गल्ली धुतल्यासारखी स्वच्छ, आणि सकाळी नदीकडून वारा येई तेव्हा मिरचीचा वासही नसे. अक्का गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया उलटायला निघाल्या. जिन्यात थोडं थांबल्या, मग वर आल्या.

शांभवी पाण्याच्या टाकीला टेकून बसली होती, जिन्याकडं पाठ करून. फोनवर कस्तुरीचा आवाज. तोच पहिला व्हिडिओ. नाकाला रुमाल बांधलेली शाळेतली पोरं.

अक्का मागं उभ्या राहिल्या. त्यांनी हवा हुंगली. काही नव्हतं. नुसती ओल्या नदीची हवा.

ठिपका हिरवा झाला.

शांभवीनं व्हिडिओ मागं घेतला, पुन्हा लावला. पुन्हा हिरवा. तिसऱ्यांदा लावायला बोट गेलं, तेव्हा अक्का म्हणाल्या, "आता आणि किती विचारणार त्याला?"

शांभवी दचकली. फोन पालथा केला. मग लपवण्यात अर्थ नाही हे कळून तो तसाच मांडीवर राहू दिला.

"खाली खकाणा होता म्हणून हिरवा," अक्का म्हणाल्या. "हितं काय आहे?"

"तेच बघायला वर आले होते."

"काय बघायला?"

"मला काय वाटतं ते."

"मग? काय वाटतं तुला?"

शांभवीचा हात फोनकडं गेला. अक्कांनी मनगट धरलं. चटणीवाल्या बाईची पकड ती, आठ उखळं साफ करणारी.

"त्याला न्हाई विचारलं मी. तुला विचारायलीय. तोंड हाय न्हवं तुला?"

"सोड ना अक्का." तिचे डोळे भरून आले. खाली लवंगीनं जे झालं नव्हतं ते इथं झालं. "तुला कळत नाहीये. आधी गळ्यानं मला पकडून दिलं. मग तू साऱ्या जगाला दाखवलंस की माझ्या गळ्याला काही कळतच नाही. सगळे हसले. मी पण सुटले म्हणून हसले. आता मी काहीही म्हणाले तर कोण खरं मानणार? हो म्हणाले तर म्हणतील मिरची लागली. नाही म्हणाले तर ते खोटं असेल. तू दार उघडलंस ते पण आतल्याच खोलीचं, बाहेरचं नाही."

कुरडयांवर एक कावळा येऊन बसला. अक्कांनी त्याला हाकललं नाही.

"जग मरू दे. हितं कोण आहे? मी आहे. मला सांग."

"तुलाच तर सांगता येत नाही."

"का?"

"डंक तुझा आहे म्हणून."

"डंक माझा आहे ते मला ठाऊक आहे. पुढं बोल."

शांभवीचा गळा हलला, आणि अक्कांना ती हालचाल आता ठिपक्याशिवाय वाचता येत होती. येतंय, येतंय, आणि गिळलं. पुन्हा आलं. पुन्हा गिळलं. वरवर बघणाऱ्याला वाटलं असतं पोरगी शांत बसलीय.

"तू जिन्यात थांबतेस," शांभवी एकदम म्हणाली. "मधल्या पायरीवर. आणि कुणी बघितलं की म्हणतेस, घागर जड आहे. तुझ्या हातात घागर नसते अक्का. पप्पांचं पण सुरू झालंय, दम लागून ते रात्री उठून बसतात, मला ऐकू येतं. शाळेतली पोरं तर नंतरची गोष्ट. कस्तुरीनं पोरं दाखवली, पण मला दिसत होतीस तू." तिनं श्वास घेतला. "डंक गावाबाहेर जायला पाहिजे. मोठी शेड, वर धूळ ओढणारे पंखे. मला असं वाटतं. कुणाचेही ठिपके न बघता."

बोलून झाल्यावर ती स्वतःच घाबरली. सवयीनं तिची नजर फोनकडं गेली. फोन पालथा होता. तिनं तो उलटला नाही.

अक्कांनी तिचं मनगट सोडलं. छातीतून वर काही तरी चढत होतं, जुनं आणि ओळखीचं. समोर उखळ नव्हतं, गिऱ्हाईक नव्हतं, कुणाच्या वर्षाचं अन्न नव्हतं. तरी त्यांनी ओठ मिटले आणि ते गिळलं. शांभवीनं ते पाहिलं.

अक्कांनी कावळा हाकलला. विस्कटलेल्या कुरडया सारख्या केल्या. पदर खोचला, आणि गिऱ्हाइकाला भाव सांगावा तशा खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या,

"ऐक आता. खोटी तू कधीच नव्हतीस शांभे, भित्री होतीस, आणि आज पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं बोललीस. पण चुकीचं बोललीस. मी जिती असेतोवर डंक हलत न्हाई. बुधवारी टाउन हॉलात मी उभी राहणार, आणि तुझ्या एकेका शब्दाचा भुगा करणार. तू माझ्या समोरच्या बाजूला उभी राहायचीस. गळ्याला काय न लावता. माझ्याकडं बघून बोलायचंस, फोनकडं न्हाई. आणि मधेच खोकला आला तर गिळायचा न्हाई. खोक मोठ्यानं. तितं कुणाची चटणी न्हाई."